एकाच घरातले दोन डीजे: नागपुरात राहून हाउसची जोडी चालवायची तर

प्रश्न थोडक्यात असा: मानेवाड्याची दोन भावंडं. दादा 24 वर्षांचा, घरी एबलटन या संगीत बनवायच्या सॉफ्टवेअरवर ट्रॅक करतो. बहीण 21 ची, तिला वाजवण्यात रस, छोट्या कंट्रोलरवर दोन वर्षांचा सराव. दोघांनाही हाउसच (क्लबमध्ये वाजणारं नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत) करायचंय. एकाच नावाने उतरावं का, नागपूर सोडावं लागेल का, आणि हल्ली प्रत्येक ट्रॅकवर भांडण होतं त्याचं काय करावं?

आधी भांडण घेतो, कारण वर्णनावरून त्यातलं निम्मं तुमच्या खोलीचं आहे. खोली 10 बाय 10, छतही 10 फुटांवर. दादाची खुर्ची मधोमध, बहीण मागच्या भिंतीला टेकून दिवाणावर. तो म्हणतो किकला (ड्रमच्या जड ठोक्याला) दमच नाही, ती म्हणते बेस डोक्यात घुमतोय. दोघंही बरोबर ऐकताय. 10 फूट म्हणजे 3.05 मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला 343 मीटर धरा. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये साधारण 56 हर्ट्झची अर्धी लहर नेमकी बसते आणि तिथेच उभी राहते. तिचा दाब भिंतीपाशी सगळ्यात जास्त, मधोमध जवळजवळ शून्य. हाउसच्या किकचं मूळ बहुतेक वेळा याच 50 ते 60 च्या पट्ट्यात असतं. ए स्वराला लावलेली किक 55 हर्ट्झवर येते, म्हणजे थेट खड्ड्यात. त्यातून तुमच्या खोलीची लांबी, रुंदी, उंची सारखी, म्हणून तिन्ही बाजूंचा दोष एकाच जागी साचतो. खुर्चीतला माणूस बेस 4 डेसिबलने चढवतो, दिवाणावरचा उतरवायला लावतो, आणि तो ट्रॅक क्लबच्या सबवूफरवर गेला की नुसता भोंगा वाजतो.

तपासायला पैसे लागत नाहीत. एबलटनच्या ऑपरेटरमध्ये साधा साइन स्वर घ्या, 40 पासून 80 हर्ट्झपर्यंत हळूहळू चढवा आणि खोलीत चालत फिरा. कुठे आवाज गायब होतो, कुठे कान दाबतो, ते जमिनीवर खडूने लिहा. मग टेबल एका भिंतीकडे सरकवून कान त्या भिंतीपासून पावणेचार फुटांवर येतील अशी खुर्ची ठेवा. हा 38 टक्क्यांचा ठोकताळा आहे, कायदा नाही. खडूची खूण वेगळं सांगत असेल तर खुणेचं ऐका. भिंतींना रॉकवूलची चार इंची पॅनेलं लावा, वर मांजरपाट ताणा (हाताळताना हातमोजे आणि मास्क, नाहीतर दोन दिवस खाजत बसाल). पण ही पॅनेलं शंभर हर्ट्झच्या वर नीट काम करतात. 56 साठी मागच्या दोन्ही कोपऱ्यांत फरशीपासून छतापर्यंत रॉकवूलची त्रिकोणी थप्पी भरावी लागते, आणि तरीही दोष कमी होतो, जात नाही. अंड्यांचे ट्रे लावू नका. ते फक्त धूळ धरतात.

यापुढे नियम एकच: मत द्यायचं असेल त्याने त्याच खुर्चीत बसून द्यायचं. दिवाणावरून आलेलं मत मिक्सबद्दल धरायचंच नाही, फार तर चालीबद्दल धरा. दोन आवृत्त्या लावून बघताना दोन्हींचा आवाज अर्ध्या डेसिबलच्या आत सारखा करा. कानाला मोठं ते चांगलंच वाटतं, आणि आपलीच आवृत्ती नकळत दोन डेसिबल मोठी लावणं हा भावंडांचा जुना डाव आहे.

उन्हाळ्याचं वेगळं. मे महिन्यात पारा 45 च्या वर आणि खिडकीत कूलर घरघरतोय. त्या मोटरची गुणगुण 50 आणि 100 हर्ट्झच्या आसपास असते, म्हणजे बेसलाइनच्याच जागी. ती गुणगुण बेसला झाकते, तुम्ही बेस चढवता, आणि जुलैमध्ये कूलर बंद झाला की एप्रिल-मेमधला प्रत्येक ट्रॅक जाडा वाटतो. तेव्हा उन्हाळ्यात पहाटे साडेपाच ते साडेसात कूलर बंद ठेवून मिक्स करा. दुपारी फक्त तुकडे जोडणं, फाइली लावणं, हेडफोनवरची कामं. गायिकेचा आवाजही पहाटेच घ्या. कूलर आणि स्पीकर एकाच बोर्डावर असतील तर मोटर सुरू होताना स्पीकरमध्ये टक्क येतो, म्हणून सर्किट वेगळं. आणि लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, आवाज तुटायला लागतो. लोक साउंडकार्डला शिव्या देतात. बफर 128 वरून 512 करा, जड ट्रॅक फ्रीझ करा, लॅपटॉपखाली हवा खेळू द्या. कूलरच्या थेट ओल्या झोतात मात्र ठेवू नका.

आता कामाची वाटणी. "आम्ही दोघं सगळं मिळून करतो" हे वाक्य ऐकायला छान आहे, पण त्याने ट्रॅक पुरे होत नाहीत. प्रत्येक खात्याला एक मालक हवा: ताल आणि मांडणी एकाची, सूर आणि गायन दुसऱ्याचं, शेवटचा मिक्स पुन्हा एकाचा. दुसऱ्याने बोलायचं, पण शेवटचा शब्द मालकाचा. इंग्लंडच्या डिस्क्लोजरमधला थोरला गाय लॉरेन्स मुळात ड्रम वाजवणारा, धाकटा हॉवर्ड बेसचा. दोघांचा पाया वेगळा होता आणि ते त्यांच्या 2012-13 च्या कामात ऐकू येतं. तुमच्यात ही वाटणी आयती आहे. बहीण मजल्यावर नाचणाऱ्यांकडे बघून वाजवते, तेव्हा मांडणीचा शेवटचा शब्द तिचा असावा असं माझं मत. कुठल्या आठ बारनंतर (बार म्हणजे चार ठोके) माणसं कंटाळतात हे तिला दादापेक्षा जास्त कळणार.

मांडणीचं गणित साधं आहे. मिनिटाला 124 ठोक्यांच्या गतीला एक बार 1.94 सेकंदांचा. सुरुवातीला 32 बार नुसता ताल दिला तर पुढच्या डीजेला जवळपास 62 सेकंद मिळतात, तेवढे पुरतात. शेवटालाही तितकंच. मधले बदल 8 किंवा 16 बारच्या हद्दीवर. 100 हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो, म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरला सारखंच, नाहीतर मोठ्या सिस्टिमवर अर्धा बेस हरवतो. किक वाजते तेव्हा बेस साइडचेनने (किकच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या कॉम्प्रेसरने) दबला पाहिजे; तो किती लवकर परत वर येतो यावरच ट्रॅक चालतो की लंगडतो हे ठरतं. 124 ला दोन किकमधलं अंतर 484 मिलिसेकंद आहे. रिलीज, म्हणजे बेस परत येण्याचा वेळ, 150 ते 200 मिलिसेकंदांपासून सुरू करा आणि कानाने हलवा. मास्टरिंगला देताना शिखर उणे 6 डेसिबलच्या आत, 24 बिट, मास्टर चॅनलवरचा लिमिटर काढून.

फाइलींवरून होणारी भांडणं टाळणं सगळ्यात सोपं, आणि नेमकी तीच कुणी टाळत नाही. दोघांकडे एबलटनची आवृत्ती एकच हवी; 12 मध्ये सेव्ह केलेला सेट 11 मध्ये उघडत नाही. दुसऱ्याला देण्याआधी "कलेक्ट ऑल अँड सेव्ह", आणि जे प्लगइन समोरच्याकडे नाही तो चॅनल ऑडिओ करून द्यायचा. फाइलच्या नावात तारीख, कामचलाऊ नाव, गती, स्वर, आवृत्ती क्रमांक आणि शेवटी सेव्ह करणाऱ्याचं आद्याक्षर. एका वेळी सेट एकाच्याच ताब्यात. दोघांनी ड्राइव्हवर एकच फाइल उघडली की दोन वेगवेगळ्या प्रती तयार होतात आणि कुणाची तरी रात्रभराची बेसलाइन जाते. आठ बारच्या लूपवर तीन तासांपेक्षा जास्त बसायचं नाही; तेवढ्यात पुढे सरकला नाही तर तो दुसऱ्याकडे जातो.

वाजवताना जोडीची खरी परीक्षा मिक्सरपाशी होते. एक ट्रॅक तू, एक ट्रॅक मी असं केलं की सेट तुकड्यातुकड्यांचा होतो. 90 मिनिटांसाठी तीन-तीन ट्रॅकची पाळी बरी. डीजेएम-900 नेक्सस-2 या मिक्सरवर हेडफोनची दोन भोकं आहेत, पण दोन्हींत एकच आवाज येतो. म्हणजे एकजण पुढचा ट्रॅक ऐकत असताना दुसऱ्याने क्यूचं (ट्रॅक हेडफोनमध्ये ऐकायचं) बटण दाबलं की पहिल्याचा बीट गेलाच. डीजेएम-ए9 वर दोघांना वेगवेगळं ऐकता येतं, पण दर ठिकाणी ते मिळेल हे गृहीत धरू नका. सराव जुन्या पद्धतीनेच: ज्याची पाळी, त्याचाच हात क्यूवर. दुसऱ्याने त्या वेळात गर्दीकडे बघायचं आणि गेन लाल दिव्यात गेलाय का तेवढं सांगायचं.

यूएसबी चार: प्रत्येकाकडे दोन, चारही सारख्या, एफएटी32 मध्ये फॉरमॅट केलेल्या. रेकॉर्डबॉक्सची (गाणी तयार करून यूएसबीवर टाकायचं सॉफ्टवेअर) लायब्ररी एकच, ती बहिणीच्या ताब्यात. ग्रिड (ठोक्यांच्या रेघा) आणि क्यू पॉइंट (ट्रॅक सुरू करायच्या खुणा) लावणारा माणूस एकच असला की पहिल्या ठोक्याची खूण सगळीकडे एकाच जागी राहते. सीडीजे-2000 नेक्सस हा प्लेअर फ्लॅक फाइल वाचत नाही, नेक्सस-2 वाचतं. ओपस-क्वाड या नव्या डीजे मशीनला यूएसबीवर गाण्यांची नवी यादी, डिव्हाइस लायब्ररी प्लस, लागते, जुन्या सीडीजेंना जुनी डिव्हाइस लायब्ररी. दोन्ही यूएसबीवर असू द्या. गाणी वेव्ह किंवा एआयएफएफ, 16 किंवा 24 बिट, 44.1 किलोहर्ट्झ, कुठलंही मशीन अडत नाही. आणि साउंडचेक बहिणीने करायचा. साउंडवाला तांत्रिक प्रश्न हमखास भावाला विचारतो. केबल आणि गेनचं बोलणं पहिल्या पाच मिनिटांत तिने केलं की रात्रभर तिला कुणी "मॅडम, गाणं कोणतं लावू" विचारत नाही.

एकाच नावाने उतरावं का? हो, पण आपापलं एकेकट्याचं नावही जिवंत ठेवा. वेल्सचे टॉम आणि एड रसेल ओव्हरमोनो म्हणून गाजण्याआधीपासून ट्रस आणि टेसेला या वेगळ्या नावांनी काम करत होते. जे जोडीत बसत नाही ते तिकडे जातं, आणि दुसऱ्याला नकार देणं सोपं होतं: "हा ट्रॅक वाईट नाही, तुझ्या नावावर काढ." सगळं एकाच नावाखाली कोंडलं की फाटतं. ऑर्बिटलचे हार्टनॉल बंधू 2004 मध्ये थांबले, 2009 मध्ये परत आले, 2014 मध्ये पुन्हा थांबले, 2017 मध्ये पुन्हा एकत्र. आपल्याकडे जतिन-ललित 2006 मध्ये वेगळे झाले ते झालेच. आणि तिसऱ्याला घ्यायचं असेल तर आधी कागद: शिकागोच्या क्रेवेलामध्ये यूसफ बहिणींबरोबरचा तिसरा सदस्य 2014 मध्ये बाहेर पडला आणि प्रकरण कोर्टात गेलं. दोन भावंडं एका बाजूला असली की तिसरा कायम अल्पमतात असतो, हे त्याला आणि तुम्हाला दोघांनाही आधीच माहीत हवं.

नाव ठरवताना "ब्रदर्स" टाळा, तुमच्या बाबतीत तर उघडच आहे. तसे केमिकल ब्रदर्सही सख्खे भाऊ नाहीत. ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर, बीटपोर्टवर (डीजेंचं ऑनलाइन गाण्यांचं दुकान) आणि इन्स्टाग्रामवर शोध घ्या. कार्यक्रमांसाठी वर्ग 41, रेकॉर्डिंगसाठी वर्ग 9. व्यक्तींच्या नावाने ऑनलाइन अर्जाला एका वर्गाचे 4,500 रुपये. अर्ज दोघांच्या संयुक्त नावाने. "दादाच्या नावावर आहे, घरातच तर आहे" हे पुढे बहिणीचं लग्न झाल्यावर किंवा दादा पुण्याला गेल्यावर महाग पडतं.

पैशांचंही तसंच. काही लिहिलेलं नसेल आणि तुम्ही मिळून धंदा करत असाल, तर 1932 चा भागीदारी कायदा नफा समसमान धरतो, मग एकाने दुप्पट राबलं असलं तरी. ते चालत असेल तर चालू द्या, पण लिहून चालू द्या. भागीदारीची नोंदणीही करा. नोंदणी नसलेल्या फर्मला बुडवणाऱ्या आयोजकावर करारातल्या पैशांचा दावा लावता येत नाही. एक उदाहरण मांडतो. हॉटेलने सेटचे 60,000 ठरवले. 10 टक्के टीडीएस कापून हातात 54,000. प्रवास-मुक्काम 14,000 गेले, उरले 40,000. त्यातले 20 टक्के, म्हणजे 8,000, सामायिक खात्यात: प्लगइन, मास्टरिंग, यूएसबी, कव्हर. बाकी 32,000 चे 16,000-16,000. यात घोळ होतो तो कापलेल्या 6,000 चा. बिल दादाच्या पॅनवर असेल तर पूर्ण उत्पन्न त्याच्या नावावर दिसतं, टीडीएसचा परतावाही त्यालाच, आणि बहिणीकडे तीन वर्षं काम करूनही बँकेला दाखवायला कागद नसतो. म्हणून फर्मचं पॅन, फर्मचं खातं. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की जीएसटी. त्याच्या आधीच सीए गाठा.

ट्रॅकच्या हक्कांचे दोन वेगळे हिशेब असतात, रचनेचा आणि रेकॉर्डिंगचा. ज्या दिवशी ट्रॅक संपतो त्याच दिवशी दोन्हींचे टक्के मेसेजवर लिहून दोघांनी "मान्य" म्हणायचं. सहा महिन्यांनी कुणाला काहीच आठवत नाही, आणि प्रत्येकाला आपलाच वाटा जास्त आठवतो. आयपीआरएसचं (रचनाकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सदस्यत्व प्रत्येकाने स्वतंत्र घ्यायचं. जुन्या मराठी सिनेमाच्या गाण्याची ओळ उचलायचा मोह होईल. त्याला रेकॉर्डिंगच्या मालकाची आणि रचनेच्या मालकाची अशा दोन परवानग्या लागतात, "फक्त चार सेकंद" ही सूट कायद्यात नाही, आणि दाव्यात अडकलेला ट्रॅक वितरक खाली उतरवतो. त्यापेक्षा चाल स्वतः बांधा. चरणजित सिंग यांनी 1982 मध्येच 808 हे ड्रम मशीन आणि 303 हा बेस सिंथ यांवर राग वाजवून ठेवलेत, तेव्हा हे आपलं नव्हे असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

लेबलला पाठवताना दोन किंवा तीनच ट्रॅक, खासगी लिंकवर, जोडलेली फाइल नाही. ब्राँक्सचे मार्टिनेझ बंधू डेनिस फेररसारख्या एका जाणत्या निर्मात्याच्या लेबलवरून पुढे आले. पन्नास लेबलांना एकच मेल टाकण्यापेक्षा ज्याचे ट्रॅक तुम्ही खरंच वाजवता अशा पाचांना लिहा. स्वतः काढत असाल तर वितरकाकडे चार आठवडे आधी, म्हणजे स्पॉटिफायच्या संपादकांकडे किमान सात दिवस आधी पाठवायला वेळ उरतो.

राहिलं नागपूर. इथे "डीजे" म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गणपतीच्या नाहीतर 14 एप्रिलच्या मिरवणुकीतला ट्रक येतो, बेसच्या पेट्यांची भिंत असलेला. त्यामुळे कोटेशनमध्ये स्पष्ट लिहा: हाउस सेट, 90 मिनिटं, ध्वनियंत्रणा आयोजकाची. नाहीतर लॉनवर पोचल्यावर "भाऊ, पेट्या कुठे आहेत?" ऐकावं लागेल. पोट संगीत आणि रिसेप्शनवर भरतं, त्यात कमीपणा नाही, पण ते काम तिसऱ्या नावाने करा. जोडीच्या नावावर शोधल्यावर हळदीच्या रील दिसल्या तर क्लबचा बुकिंगवाला पुढे बघत नाही. वर्धा रोडच्या उघड्या लॉनवर रात्री 10 नंतर लाउडस्पीकर बंद, हा 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांचा भाग आहे. तेव्हा सेटचा कळस साडेनऊला आला पाहिजे. साडेअकराच्या हिशेबाने चढत जाणारा सेट तिथे अर्ध्यावर कापला जातो. बंदिस्त हॉलचं गणित वेगळं, पण परवानगी आयोजकाकडे लेखी आहे का ते बघून मगच निघा.

सोडायची घाई नको. रायपूर, भोपाळ, हैदराबाद रात्रीच्या गाडीने होतात आणि घरभाडं नाही, ही दोन-तीन वर्षांसाठी मोठी सवलत आहे. मुंबईचा 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आता पूर्ण खुला आहे, पण सेट संपवून पहाटे तीनला त्यावर गाडी घालू नका. सरळ, रिकामा रस्ता झोप आणतो. मुक्कामाचे पैसे फीमध्ये धरा. आणि रायडरमध्ये (आयोजकाला द्यायच्या मागण्यांच्या यादीत) टेबलाची उंची, बूथ मॉनिटर, दोन प्लेअर, लॅन केबल यांच्याबरोबर एक ओळ ठळक टाका: खोल्या दोन. भाऊ-बहीण आहेत म्हणून आयोजक एकच खोली धरतो, आणि हे रात्री दोनला हॉटेलच्या काउंटरवर कळतं.